चार-सहा पाहुण्यांसाठी शार्क्युटरी बोर्ड: या चुका टाळा

घरी मोजकीच जवळची माणसं जमणार असली की हल्ली आपल्याकडेही जेवणाआधी शार्क्युटरी बोर्ड मांडतात. खारवून वाळवलेलं मांस, दोन-तीन चीज, फळं, ब्रेड, एखादं लोणचं. ऐन वेळी गॅसपाशी उभं राहावं लागत नाही आणि यजमानालाही सगळ्यांबरोबर बसता येतं. पण इथे काही चुकलं तर सावरून घ्यायला फोडणी नाही की मसाला नाही. पाकिटात जे असेल तेच पाहुण्याच्या तोंडात जाणार. म्हणून बोर्ड चांगला होणार की फसणार, हे बरंचसं दुकानातच ठरतं. मांडणीच्या चुका निस्तरता येतात, खरेदीच्या नाही.

कच्चं आणि तयार यांतला फरक न पाहणं

ही सगळ्यात गंभीर चूक, म्हणून आधी हीच. स्पेनचं वाळवलेलं चोरिझो आणि गोव्याचं चोरीस ही दोन्ही डुकराच्या मांसाची, दोन्ही लालभडक, नावंही एकाच घराण्यातली. पण वापर अगदी वेगळा. स्पॅनिश चोरिझोचा जो प्रकार काप करून खाण्यासाठी मुरवून वाळवलेला असतो, तो थेट बोर्डवर ठेवता येतो. गोव्याच्या चोरीसमध्ये मांसाचे तुकडे मीठ, लाल मिरची, लसूण, मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरतात आणि उन्हात किंवा धुरावर सुकवतात. ते शिजवूनच खायचं असतं. म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या चोरीसच्या माळेचे मणी कापून सलामीसारखे मांडणं धोक्याचं आहे.

म्हणून चोरीस बोर्डवर आणूच नये असं मात्र अजिबात नाही. मणी सोडवून आतलं मांस काढा, त्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर झाकून ठेवा. पाणी आटलं की ते स्वतःच्याच चरबीत परतू लागतं. वीस-पंचवीस मिनिटांनी चरबीचे तुकडे काचेसारखे दिसायला लागतात आणि मांस मऊ होतं. वर आलेलं तेल थोडं निथळून काढा आणि मांस गरम असतानाच छोट्या वाटीत घालून बोर्डशेजारी ठेवा, सोबत पोईचे, म्हणजे गोव्याच्या पावाचे, तुकडे. वाटी बोर्डच्या मधोमध ठेवू नका, तिच्या उष्णतेने शेजारचं चीज वितळतं. माझ्या मते आपल्याकडच्या बोर्डला खरी ओळख या एका वाटीने येते.

बेकनचंही तेच. आपल्याकडे मिळणारं बहुतेक बेकन धुरावलेलं असलं तरी कच्चं असतं. तव्यावर कुरकुरीत करून, टिशूवर निथळून मगच ठेवा. पाकिटावर ‘खाण्यापूर्वी शिजवा’ लिहिलंय की ‘खाण्यास तयार’, हे दुकानातच पाहून घ्या.

तीन पाकिटं, एकच चव

चिकन सलामी, चिकन हॅम आणि चिकन मॉर्टाडेला अशी तीन पाकिटं आणून तीन प्रकार झाले असं वाटतं. ती खाऊन बघा. आपल्याकडच्या या कोल्ड कट्समध्ये मांस बहुधा बारीक दळून, एकजीव करून शिजवलेलं असतं. त्यामुळे तिन्हींचा पोत सारखाच मऊ आणि ओलसर लागतो. मुरवून वाळवलेल्या सलामीचा चिवटपणा आणि आंबूस चव त्यांत नसते, कारण तिथपर्यंत पोचायला आठवडे जावे लागतात. इटलीतल्या पार्माच्या प्रोश्युटोला तर वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि त्यात डुकराची मांडी आणि मीठ याखेरीज काही नसतं.

निवड पोत पाहून करा. एक पातळ, रेशमासारखं, प्रोश्युटो किंवा स्पेनचं सेरानो हॅम. एक घट्ट आणि चावायला लागणारं, वाळवलेली सलामी. पाच-सहा जणांना मांसाचे हे दोनच प्रकार भरपूर होतात. आयात माल महाग वाटत असेल, किंवा डुकराचं मांस नको असेल, तर कोल्ड कट्सचं एकच पाकीट घ्या आणि सोबत कलेजीचं पाते, म्हणजे ब्रेडला लावायचं मऊ वाटण, करा. पाते हा शार्क्युटरीचा अस्सल जुना प्रकार आहे आणि चिकनच्या कोणत्याही दुकानात कलेजी स्वस्तात मिळते.

पाव किलो कलेजी साफ करा, शिरा आणि हिरवट डाग काढून टाका. थोड्या लोण्यात एक बारीक चिरलेला कांदा आणि दोन लसूण पाकळ्या परता. कलेजी घालून आतला लाल रंग जाईपर्यंत शिजवा, पण कोरडी होऊ देऊ नका. मीठ, भरपूर मिरपूड आणि असल्यास चमचाभर ब्रँडी घाला. किंचित निवलं की शंभर ग्रॅम लोणी घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा आणि चाळणीतून काढा. चाळणीचा कंटाळा करू नका, पाते खरखरीत होतं की मखमली ते तिथेच ठरतं. वाटीत भरून वर वितळलेल्या लोण्याचा पातळ थर ओता म्हणजे हवा लागून काळं पडत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

अंदाज न घेता खरेदी

नंतर जेवण असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर दोन्ही माणशी १०० ग्रॅमपर्यंत न्या. म्हणजे पाच जणांसाठी जेवणाआधी ३०० ग्रॅम मांस आणि ३०० ग्रॅम चीज. मोबाइलवरचे दुथडी भरलेले बोर्ड पाहून दुप्पट आणलं जातं आणि उरलेलं तासन्‌तास टेबलावर घाम गाळत बसतं.

चीजच्या चुका

फ्रिजमधून काढलं आणि ठेवलं, असं केलं तर चीजला चवच लागत नाही. थंडीने त्यातली चरबी आखडलेली असते, वास आणि चव दोन्ही दबलेली. परदेशी पाककृतींत ‘तासभर आधी बाहेर काढा’ असं लिहितात, पण तो सल्ला थंड हवेतला. मुंबईच्या एप्रिलमध्ये तासाभरात ब्रीसारखं मऊ चीज वाहायला लागतं आणि चेडरला तेल सुटतं. उन्हाळ्यात वीस मिनिटं आणि पुण्याच्या डिसेंबरमध्ये पाऊण तास, हा अंदाज बरा पडतो.

तीन चीज घेतलीत तर एक मऊ, एक घट्ट आणि एक जरा अनोळखी असू द्या. प्रोसेस्ड चीजचे चौकोनी तुकडे मुलांसाठी वेगळ्या वाटीत ठेवा. ते सँडविचला छान, पण इथे बाकीच्या चवींपुढे नुसतं खारट लागतं. आपल्या देशात आता चांगलं चीज होतं. पुण्याजवळच्या एबीसी फार्म्सचं आणि ऑरोव्हिलच्या ला फर्मचं बरीच वर्षं मिळतंय. मुंबईच्या इलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. चीज करताना उरलेलं पाणी खव्यासारखं आटवत नेऊन हे तपकिरी, कॅरॅमलच्या चवीचं चीज बनतं. ज्यांना तीव्र वासाचं चीज नको वाटतं, तेही हे आवडीने खातात.

ब्रीचं वरचं पांढरं साल खायचं असतं, ते काढून टाकू नका. आणि त्रिकोणी तुकड्याचं टोक आडवं कापू नका. मधला भाग सगळ्यात मऊ आणि चवदार, तो एकालाच जातो आणि बाकीच्यांना कडा उरते. टोकापासून कडेपर्यंत लांब चिरा द्या, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही मिळतं. पहिला तुकडा यजमानानेच कापून ठेवला तर पाहुणे बरोबर तिथूनच पुढे कापतात.

शाकाहारी पाहुण्यांना एक कोपरा देणं

आपल्याकडे पाच माणसांत दोन शाकाहारी असणारच. त्यांच्यासाठी त्याच लाकडावर एका बाजूला द्राक्षं आणि चीज मांडलं, की सलामीचं तेल ओघळतं, सुरी इकडून तिकडे जाते आणि ते बिचारे संकोचाने काही बोलत नाहीत. त्यांचा बोर्ड वेगळा मांडा, सुऱ्या वेगळ्या ठेवा, शक्य तर टेबलाची बाजूही वेगळी. तोही तितक्याच प्रेमाने भरा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो, तसंच स्वित्झर्लंडचं ग्रुयेर ही चीज पारंपरिक पद्धतीनुसार वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरून बनवतात. ती ‘दुधाचीच तर आहेत’ म्हणून शाकाहारी पाहुण्याला देणं ही फसवणूक होते, भले नकळत असो. हिरवा ठिपका पाहूनच घ्या.

बोलावतानाच विचारा: डुकराचं मांस चालतं का, अंडं चालतं का, सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर तिला कोल्ड कट्स, पाते, ब्री आणि ब्लू चीज देऊ नका. त्यांत लिस्टेरिया नावाचा जिवाणू असण्याचा धोका असतो. तिच्यासाठी घट्ट चीज, ताजा ब्रेड आणि नीट धुतलेली फळं ठेवा.

सगळंच खारट

मांस खारट, चीज खारट, ऑलिव्ह खारट, वर मिठाचे क्रॅकर्स. तिसऱ्या घासाला जीभ बधिर होते. ब्रेड किंवा क्रॅकर अळणीच्या जवळपास जाणारा हवा: साधा पाव भाजून, पोई, बगेत (लांब फ्रेंच पाव), मसाला नसलेला साधा खाकरा. मग गोड आणि आंबट. स्पेनमध्ये मांचेगो चीजसोबत क्विन्स फळाची घट्ट वडी देतात. आपल्या शेजारी गोव्यात पेरूची पेराद मिळते, तिचे पातळ काप घट्ट चीजवर ठेवून पाहा. मोरावळाही चालतो, पाक निथळून. हंगामात असतील तर पुरंदरची अंजिरं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नाशिकची द्राक्षं. प्रोश्युटोसोबत पिकलेलं अंजीर असेल तर मध, जॅम कशाचीच गरज नाही.

आंबटासाठी व्हिनेगरमधल्या बारीक काकड्या, घर्किन, घ्या. कैरीचं तेलातलं लोणचं इथे नको. हिंग आणि मोहरी एकदा जिभेवर बसली की वर्षभर मुरलेल्या प्रोश्युटोचं काही चालत नाही.

पाणी आणि पाऊस

जून ते सप्टेंबर क्रॅकर्स दहा मिनिटांत सादळतात. ते डब्यातच ठेवा, मूठभर काढा, संपले की पुन्हा काढा. द्राक्षं, स्ट्रॉबेरी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ऑलिव्ह आणि काकड्या निथळून वाटीतच. डाळिंबाचे दाणे दिसायला सुरेख, पण एक चिरडला तरी शेजारचं चीज गुलाबी होतं. बिया टाकायला एक रिकामी वाटी लागते, ती हमखास विसरली जाते.

लाकूड आणि मांडणी

भाजी चिरायच्या फळीला कांदा-लसणाचा वास मुरलेला असतो, ती नको. व्हार्निश किंवा पॉलिश लावलेली शोभेची फळीही नको, त्यावर कागद अंथरा. घरातलं साधं, पॉलिश नसलेलं सागवानी पोळपाट स्वच्छ असेल तर चार जणांना अगदी पुरेसं आहे. नसेल तर चिनी मातीची थाळी घ्या, कुणाचंही अडत नाही.

आधी वाट्या, मग चीज एकमेकांपासून लांब, मग फळं आणि ब्रेड, शेवटी मांस. प्रत्येक चीजला स्वतंत्र सुरी. सलामीचं जाड प्लास्टिकसारखं आवरण सोलून दोन मिलिमीटरचे काप करा. वाळवलेल्या सलामीच्या सालीवरचा पांढरा बुरा बिघाड नसून मुरण्याचाच भाग असतो, तो साल काढताना जातोच. पेल्याच्या कडेवर सलामी रचून गुलाबाचं फूल करायची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. त्यात मांस फार वेळ हातात राहतं, गरम होतं, आणि फूल मोडायला कोणी धजत नाही. काप सैल दुमडून ठेवा, एका चिमटीत उचलता आले पाहिजेत.

ऐन वेळी काही बिघडलं तर

प्रोश्युटोचे पापुद्रे फाटत असतील तर ते फार थंड आहेत. पाकीट दहा मिनिटं बाहेर ठेवा, चरबी सैल झाली की अलगद सुटतात. चीजला तेल सुटलं तर टिशूने टिपून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. क्रॅकर्स सादळले तर १५० अंशांवर पाच मिनिटं ओव्हनमध्ये किंवा मंद तव्यावर, आणि पूर्ण निवल्यावरच वाढा. पाते वरून काळवंडलं असेल तर तेवढाच थर खरवडून काढा. सगळं खारट झालं असं वाटलं तर बिनमिठाचं लोणी आणि फळं वाढवा, मांस निम्मं मागे घ्या.

वेळेकडे लक्ष असू द्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नयेत, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एसी बंद असलेल्या खोलीत हा एक तासच धरावा. म्हणून निम्मा माल फ्रिजमध्ये ठेवा आणि बोर्ड दोनदा भरा. दुसऱ्या वेळी आधीच्या उरलेल्यावर नवं ठेवू नका, आधीचं उचला. टेबलावर तासभर राहिलेलं टाकून द्या. फ्रिजमधून न निघालेली सलामी दुसऱ्या दिवशी बारीक चिरून ऑम्लेटमध्ये घाला, मीठ मात्र घालू नका.