कोडमधून सेट केलेली सेटिंग कशी तपासायची

सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं पट्टीचं सॉफ्टवेअर मी बघतो, हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी (विक्रीचा हिशेब) आणि सोबत एसएमएस. मागं टेस्टिंगसाठी स्क्रिप्टमधून एसएमएस बंद केला, म्हणजे मला वाटलं केला. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) येणारी व्हॅल्यू कायम स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, असते, मी तिथं 'फॉल्स' लिहिलेलं, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूलमध्ये, म्हणजे हो-नाहीच्या प्रकारात, घातली की ट्रूच होते. झालं, खोट्या पट्ट्यांचे मेसेज खऱ्या शेतकऱ्यांना गेले अन् दिवसभर फोन, "आवो माझी हळद अजून शिजवायची हाय, पट्टी कसली पाठवताय?"

तेव्हापासून सेटिंगला दार एकच, सेटर, म्हणजे व्हॅल्यू तपासून आत ठेवणारं फंक्शन. व्हॅल्यू फाइलमधून येऊ दे, स्क्रिप्टमधून नाहीतर स्क्रीनवरून, फील्डला, म्हणजे आत साठवलेल्या व्हॅल्यूला, थेट हात लावायचा नाही. आत आली की आधी साफ करायची, मग तपासायची, उलटं केलं तर मागं एक स्पेस राहिलेली चांगली व्हॅल्यू पण बाद होते. हो-नाहीच्या सेटिंगला स्ट्रिप मारा (पुढच्या-मागच्या स्पेस काढा), लोअरकेस करा, मग ट्रू, येस, ऑन, १ एकीकडं आणि फॉल्स, नो, ऑफ, ० दुसरीकडं. यात नसेल ते सरळ एरर, अंदाज लावत बसू नका.

आकड्यांचं जास्त त्रासाचं. आमचे मालक हमालीचा दर मराठीत टाइप करतात, पायथनचं इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) '१२' गुमान घेतं, पण स्क्रीनवरच्या जावास्क्रिप्टचं तसलंच नंबर फंक्शन त्याचं नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', करतं. आणि रिकामी स्ट्रिंग दिली तर तेच नंबर ० देतं, म्हणजे दर टाकायचा राहिला तर हमाली फुकट, हमाल सोडतील व्हय! त्यामुळं रिकामं आहे का ते आकडा करायच्या आधीच बघा. नॅनची अजून एक खोड, '० पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा जास्त असेल तर एरर' असा चेक लिहिला तर ते आरामात आत शिरतं, कारण नॅन कशापेक्षा कमी पण नसतं नि जास्त पण नसतं. म्हणून '० ते ५० मध्ये असेल तरच घे' असं लिहायचं.

जोडीनं येणाऱ्या सेटिंग एकेक करून सेट करू नका. पोत्याचं किमान वजन ५०, कमाल ५५ आहे आणि तुम्हाला ६० ते ६५ करायचंय, तर पहिलं ६० टाकताच किमान कमालच्या वर जातं आणि तुमचाच चेक तुम्हाला अडवतो. दोन्ही नवीन व्हॅल्यू बाजूला गोळा करा, एकत्र तपासा, पास झाल्या तर एकदम लावा, नाहीतर जुन्या तशाच राहू द्या.

एररमध्ये नुसतं 'चुकीची व्हॅल्यू' लिहिणाऱ्याला खरं तर यार्डात पोती उचलायला लावलं पाहिजे. सेटिंगचं नाव, काय आलं आणि काय चालतं, तिन्ही लिहा, आलेली व्हॅल्यू अवतरणात घाला म्हणजे मागची स्पेस पण दिसते. फक्त पासवर्ड असेल तर तो लॉगमध्ये छापू नका.