सॅकची चेन, पट्टे आणि दुखणारा खांदा: या चुका टाळा

सॅक घेताना आपण रंग बघतो, कप्पे मोजतो, लॅपटॉप बसतो का बघतो आणि वर्षभरात खांदा दुखायला लागला किंवा चेन मागून उघडी पडायला लागली की "आता क्वालिटीच राहिली नाही कशाला" म्हणून मोकळे होतो. काही सॅक खरंच फालतू असतात, त्याबद्दल वादच नाही. पण निम्म्याहून जास्त कटकटी पट्टा दोन इंच ओढला, आतलं सामान वरखाली केलं किंवा साधा रनर बदलून घेतला की मिटण्यातल्या असतात, त्यामुळे सेल लागलाय म्हणून नवीन ऑर्डर करायच्या आधी घरातली सॅक एकदा समोर घेऊन बसा.

खांदा दुखतोय, मान आखडते

पहिलं कारण, सॅक फार खाली लोंबते. कॉलेजच्या पोरांची तर बसल्यावर सीटला टेकेल इतकी खाली असते, दिसायला भारी वाटतं ते ठीक आहे पण वजन मागे खेचतं म्हणून आपण नकळत पुढे वाकतो आणि मान बाहेर काढून चालतो. सॅकचा तळ साधारण कमरेच्या आसपास यायला हवा, फार तर चार बोटं खाली. दोन्ही पट्टे खांद्यावर घेतले की पट्ट्यांची खाली लोंबणारी टोकं एकदम ओढायची, सॅक पाठीला चिकटेपर्यंत. एवढंच काम आहे आणि पावसाळ्यात रेनकोट चढवला किंवा थंडीत जाडं जॅकेट घातलं की ते परत करायचं असतं, जे कोणी करत नाही.

पट्टा ओढून ठेवला तरी तासाभरात आपोआप सैल होत असेल तर तो ज्या प्लॅस्टिकच्या बकलमधून जातो त्याच्या कडा झिजलेल्या असतात. नवीन बकल बसवून मिळतं. तोपर्यंत बकलच्या खाली पट्ट्याला जाड रबरबँडचे दोन-तीन वेढे घट्ट मारले तरी सरकणं थांबतं. आणि पट्ट्याचं टोक दुमडून शिवलेलं नसेल तर आजच शिवून घ्या, नाहीतर एखाद दिवशी जिन्यात पूर्ण पट्टाच निसटून हातात येतो.

दुसरं कारण आतल्या भरतीचं. जड वस्तू पाठीला चिकटून आणि हलक्या बाहेरच्या बाजूला, हा साधा नियम आहे आणि लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असतो तो त्यासाठीच. आपण करतो काय तर चार्जरची वीट, स्टीलचा डबा आणि भरलेली बाटली सगळं सर्वात बाहेरच्या कप्प्यात कोंबतो कारण तिथून काढायला सोपं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं, आणि ते पाठीपासून जितकं लांब तितकं जास्त ओढतं. सामान तेच ठेवा, फक्त जागा बदला, फरक पहिल्याच दिवशी कळतो.

दप्तराचं बोलायचं तर केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत पहिली ते दहावीसाठी दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. म्हणजे पोरगं २५ किलोचं असेल तर डबा-बाटली धरून अडीच किलो! घरातल्या वजनकाट्यावर पोराला एकदा दप्तरासकट आणि एकदा दप्तराशिवाय उभं करा, आकडा बघून तुम्हीच गप्प व्हाल. शाळेत प्यायच्या पाण्याची सोय चांगली असेल तर बाटली अर्धीच भरून द्यावी. चाकांची ट्रॉलीवाली दप्तरं त्याच पॉलिसीत नको म्हटलीयेत, जिना चढता-उतरताना पोरं पडतात म्हणून. आणि पुढच्या वर्षीपण चालेल म्हणून दोन साइज मोठं दप्तर घेणं हा आपला लाडका उद्योग, त्यात जागा आहे म्हणून पोरं सगळीच वह्या-पुस्तकं रोज घेऊन हिंडतात.

ट्रेकची सॅक: कमरेचा पट्टा शोभेला नसतो

ऑफिसच्या सॅकला खाली बारीक पट्टी असते ती फक्त सॅक हलू नये म्हणून, तिचं सोडा. पण ५०-६० लिटरच्या ट्रेकिंग सॅकला जो जाड फोमवाला कमरेचा पट्टा असतो तोच मुळात वजन घ्यायला असतो, आणि दर वीकेंडला पायथ्याच्या गावात एसटीतून उतरणाऱ्या ग्रुपमध्ये चार तरी जण असे दिसतात ज्यांनी तो मागे फिरवून बांधून टाकलेला असतो, कारण "घाम येतो यार". मग दहा-बारा किलो सगळं खांद्यावर, आणि पहिल्या चढालाच दोन्ही हातांचे अंगठे पट्ट्यांखाली घालून चालणं सुरू.

घालायचा क्रम असा. सगळे पट्टे सैल सोडा. सॅक पाठीवर घ्या, जरा वर उचका आणि कमरेचा पट्टा आधी लावा, पोटावर नाही तर दोन्ही बाजूंना हाताला जे हाड लागतं बरोबर त्याच्यावर. मग खांद्याचे पट्टे ओढा, ते फक्त खांद्याला लपेटून राहिले पाहिजेत, रुतायला नकोत. खांद्याच्या वर सॅककडे तिरक्या जाणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या थोड्या ताणल्या की सॅकचं डोकं मागे पडत नाही. छातीचा पट्टा शेवटी, आणि तोही श्वास घेता येईल इतकाच.

एवढं करूनही कमरेवर वजन येत नसेल तर सॅक तुमच्या मापाची नाही. उंचीवर जाऊ नका, पाठीची लांबी बघायची असते. मान खाली घातली की मानेमागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या त्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावून मोजायचं. पाच फूट दहा इंचाच्या दोन माणसांची पाठ वेगवेगळी निघू शकते. काही सॅकना पाठ वरखाली करायची सोय असते, भाड्याने सॅक घेताना हे विचारा, आणि दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यापेक्षा तिथलंच काहीतरी जड आत टाकायला सांगा आणि पाच मिनिटं फिरा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

भरताना झोपायची बॅग तळाला, जड शिधा-भांडी-पाणी मधोमध पाठीला टेकून, कपडे त्याच्या भोवती, आणि टॉर्च, औषधं, खाऊ वर. मॅट आडवी बांधायची सवय मात्र सोडा. सपाट रस्त्यावर ठीक आहे, पण कारवीच्या रानात ती प्रत्येक फांदीला अडकते आणि कळसूबाईच्या शिड्यांवर गर्दीच्या दिवशी तुमची मॅट मागच्याच्या तोंडावर येते. उभी बांधा. बाहेर लोंबणारे मग, चपला, ओले टॉवेल हेही तसंच, रॉकपॅचवर, म्हणजे खडकाच्या उभ्या चढावर, एक जरी अडकलं तरी तोल जातो.

रेनकव्हर होतं तरी सगळं भिजलं

ही तक्रार जुलैमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येते आणि त्यात रेनकव्हरचा दोष नसतो. रेनकव्हर सॅकच्या पाठीकडची बाजू झाकतच नाही, झाकेल कसं, तिथे आपण असतो. पाणी मानेवरून पाठीवर उतरतं, पाठीचा फोम ते पितो आणि तिथून शिलाईच्या भोकांतून आत. वरून रेनकव्हरच्या खालच्या खोळीत पाणी साठतं आणि सॅकचा तळ त्या डबक्यात तासन्‌तास बसून राहतो. काही कव्हरना तळाला छोटं भोक असतं ते पाणी जायला असतं, फाटलंय समजून तिथे टेप लावू नका. घाटमाथ्यावर वारा असेल तर कव्हर उडून दरीत जातं ते वेगळंच, म्हणून एका दोरीने सॅकला बांधून ठेवा.

उपाय स्वस्त आहे. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान त्या पिशवीत, तोंडाला पीळ देऊन दुमडा. बाहेरची सॅक भिजू दे की मग. मोबाइल, औषधं, झोपायची बॅग यांना त्याच्या आत आणखी एक-एक पिशवी. रेनकव्हर हवंच, पण दुसरी फळी म्हणून.

ऑफिसच्या सॅकवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असतं त्याचा अर्थ कापड थोडा वेळ पाणी अडवतं इतकाच. कापडाच्या आतल्या बाजूला पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) पातळ थर असतो, तो अडवतो, पण चेनमधून आणि शिलाईतून पाणी येणारच. आणखी एक गोष्ट घरी बोटाने तपासा: लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापर्यंत जातो का? बऱ्याच स्वस्त सॅकमध्ये तो थेट तळाला टेकतो, म्हणजे स्टेशनवर सॅक ओल्या फरशीवर ठेवली की लॅपटॉपची कड पाण्यात, आणि सॅक जरा आपटून ठेवली की दणका थेट लॅपटॉपला. जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून त्या कप्प्याच्या तळाशी घातला की दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात.

चेन लागते पण मागून उघडते

इथे लोक अख्खी चेन बदलायला सांगतात, किंवा सॅक कामवालीला देऊन टाकतात. दात नीट असतील, कुठे तुटलेले नसतील, तर गुन्हेगार रनर असतो. ओढून ओढून रनरची दोन पानं एकमेकांपासून जराशी फाकतात आणि मग तो दोन्ही बाजूंचे दात दाबून एकत्र बसवू शकत नाही. रनर सुरुवातीच्या टोकाला न्या, पक्कडीने मागच्या बाजूला आधी एक कड आणि मग दुसरी अगदी हलकी दाबा, चालवून बघा, परत थोडी दाबा. एकदम जोर दिलात तर रनर तडकतो.

असं दोनदा करून परत उघडायला लागली तर नवीन रनर. बॅगवाला करतो ते बघण्यासारखं असतं, तो चेनच्या टोकाची शिलाई दोन इंच उसवतो, जुना रनर काढतो, डब्यातून त्याच नंबरचा रनर शोधतो, चेनची दोन्ही टोकं एका पातळीत धरून त्यात सरकवतो, एकदा वरपासून खालपर्यंत फिरवतो आणि टोक परत शिवून देतो, आपला चहा संपायच्या आत. नंबर रनरच्या मागेच कोरलेला असतो बहुतेक वेळा, ५, ८, १० असा, घरी करायचं असेल तर तो बघूनच आणा.

चेन जड चालत असेल तर खोबरेल तेल लावू नका! दोन दिवस मस्त चालते आणि मग त्या तेलाला धूळ चिकटून चिखल होतो. मेणबत्ती घासा. कोकणात किंवा गोव्याला समुद्रावरून आलात तर आधी साध्या पाण्याने चेन धुवा, जुन्या टूथब्रशने वाळू काढा, खारं पाणी धातूचे रनर खातं.

धुणं आणि ठेवणं

वॉशिंग मशीनमध्ये सॅक टाकू नका, फोम गोळा होतो, बकलं आपटून तुटतात आणि तो पीयूचा थर सुटतो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, खांद्याच्या पट्ट्यांवरचे घामाचे पांढरे डाग आधी, आणि सगळे कप्पे उघडे ठेवून उलटी टांगून सावलीत वाळवा. कडक उन्हात आठवडाभर गॅलरीत विसरलात तर नायलॉनचा रंगही जातो आणि ताकदही.

पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेली सॅक काढली की आतून चिकट लागते, पांढरे पापुद्रे कपड्यांना चिकटतात आणि एक आंबूस वास येतो. घाण नाही ती, दमट हवेने पीयूचा थर कुजलाय. तो परत बसत नाही. खरखरीत ब्रशने पापुद्रे काढून टाका आणि यापुढे आत प्लॅस्टिकची पिशवी घालून वापरा. तशी वेळ येऊ नये म्हणून सॅक पूर्ण वाळवून, वर्तमानपत्राचे बोळे भरून, कपाटाच्या वर मोकळ्या हवेत ठेवायची.

लोकल आणि विमान

लोकलमध्ये सॅक पुढे घ्या, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दारात पाठीवर फुगलेल्या सॅक घेऊन लोक उभे असतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडून मेले त्यानंतर बॅगांचा विषय बरेच दिवस चघळला गेला, कारणांवरून वादही झाले, पण दारात असताना आपली पाठ कुठे संपते ते आपल्याला कळत असलं तरी सॅक कुठे संपते ते कळत नाही. मोबाइल-पाकीट बाहेरच्या वरच्या कप्प्यात नको हे वेगळं सांगायला नको.

विमानात पॉवर बँक चेक-इनच्या सॅकमध्ये ठेवायची नाही, केबिनमध्येच न्यायची, नाहीतर बॅग उघडायला बोलावतात. देशातल्या बहुतेक विमानांत केबिनला ७ किलो चालतं, ६० लिटरची सॅक वजनात बसली तरी लांबीत बसत नाही. ती चेक-इनला देताना कमरेचा पट्टा पुढून उलटा फिरवून सॅकभोवती बांधा आणि बाकीचे पट्टे रेनकव्हरच्या आत कोंबा, लोंबता पट्टा सरकत्या बेल्टमध्ये अडकला की फाटूनच येतो.

आणि फाटलाच तर शिवून घेताना जाड नायलॉनच्या दोऱ्याने, चौकोन मारून त्यात फुली घालून शिवायला सांगा, साधा सुती दोरा महिन्यात तुटतो. फक्त शिलाई सुटली असेल तर हे काम वर्षानुवर्षं टिकतं. पण पट्ट्याच्या मुळाशी सॅकचं कापडच विरून जाळी पडली असेल तर बॅगवाल्याला पैसे देऊ नका, त्या सॅकची बकलं आणि चांगले रनर काढून घ्या आणि ती सोडून द्या.