खुन्याचा भूतकाळ लिहिताय? प्रीक्वेलच्या पटकथेतल्या या चुका टाळा

एखाद्या भयपटातला खुनी गाजला की निर्मात्यांना हमखास प्रश्न पडतो, हा असा झालाच कसा? मग प्रीक्वेल, म्हणजे मूळ चित्रपटाच्या आधीची गोष्ट सांगणारा चित्रपट, निघतो. दीड तासात त्या प्रश्नाचं चोख उत्तर मिळतं आणि नेमकी त्याच उत्तराने भीती पळून जाते. खाली ज्या चुका दिल्या आहेत त्या बड्या स्टुडिओंनीही केल्या आहेत, त्यामुळे पहिल्या ड्राफ्टमध्ये तुमच्या हातून झाल्या तर नवल नाही. दुरुस्ती मात्र शूटिंगच्या आधीच करायची असते.

एका जखमेवर सगळा डोलारा

ही सगळ्यात महागडी चूक. 'हॅनिबल रायझिंग' (2007) बघा. दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियात लहानग्या हॅनिबलच्या बहिणीला उपाशी लुटारू मारून खातात; मोठा झाल्यावर तो एकेकाला हुडकून संपवतो. हिशेब चोख, पण यात तो खुनी राहिलाच कुठे? बळी इतके नीच आहेत की प्रेक्षक त्याच्याच बाजूने उभा राहतो. हा सूडपट झाला. मूळ चित्रपटातल्या ज्या हॅनिबल लेक्टरला कुठल्याच चौकटीत बसवता येत नव्हतं, म्हणून जो घाबरवायचा, त्याच्यावर इथे कारणाचं लेबल लागलं.

तुमच्या पटकथेवर दोन चाचण्या करा. पहिली: खुन्याला दिलेलं दुःख जसंच्या तसं त्याच्या भावाला किंवा वर्गमित्राला द्या. तोही खुनी झाला असता असं वाटत असेल तर तुम्ही माणूस लिहिलेला नाही, परिस्थिती लिहिली आहे. दुसरी: ज्याने खुन्याचं काहीही वाकडं केलेलं नाही असा एक तरी बळी चित्रपटाच्या मध्यापर्यंत, म्हणजे 95 पानांच्या पटकथेत साधारण पन्नासाव्या पानाच्या आत, पडतो का? पडत नसेल तर तुम्ही नायक लिहिताय.

उपाय: जखमेपेक्षा हव्यास मोठा करा. टाय वेस्टचा 'पर्ल' (2022), त्याच्याच 'एक्स'चा प्रीक्वेल, इथे वस्तुपाठ आहे. साल 1918, टेक्सासमधलं शेत, फ्लूची साथ, नवरा युद्धावर, बाप लुळा, आई करडी. दुःखाला तोटा नाही, पण पटकथा त्यावर रेंगाळत नाही. पर्लला सिनेमात जायचंय, बस. प्रोजेक्शनवाला तिला बिचकून काढता पाय घेऊ लागतो, आई वाट अडवते, बाप पायातली बेडी होतो, नणंद मिट्सीची ऑडिशनमध्ये निवड होते. जो जो तिच्या आणि त्या स्वप्नाच्या मध्ये येतो तो तो मरतो. मिट्सीचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. पर्ल टेबलापाशी बसून मनातलं सगळं बोलते आणि कॅमेरा कितीतरी मिनिटं तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. समोर बसलेली मिट्सी किती घाबरली असेल याचा अंदाज आपणच करत राहतो. तिने पर्लचं काहीही बिघडवलेलं नाही. उलट तिचं ऐकून घेणारी तेवढी तीच. त्यामुळे पुढे हातात कुऱ्हाड आली की पर्लची बाजू घ्यायला प्रेक्षकाकडे जागाच उरत नाही.

बालपणात अर्धा चित्रपट

जॉन कारपेंटरच्या 'हॅलोवीन'ने (1978) मायकल मायर्सचं बालपण सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकलं. 1963 ची रात्र, मुखवट्याच्या भोकांतून दिसणारं घर, स्वयंपाकघरातून उचललेला सुरा, बहिणीचा खून. मग आईवडील मुखवटा काढतात आणि आत सहा वर्षांचं, कुठलाच भाव नसलेलं पोर. कारण शून्य. रॉब झॉम्बीच्या 2007 च्या आवृत्तीत (हा रीमेक, पण त्याचा पूर्वार्ध प्रीक्वेलच) शिवराळ घर आलं, शाळेतला दांडगट मुलगा आला, प्राण्यांचे हाल आले. सगळी लक्षणं बरोबर, आणि मायकल एकदम सामाजिक कार्यकर्त्याच्या फाइलीतली केस वाटू लागतो. वर मूळ चित्रपटातली हॅडनफील्ड गावातली खुनांची रात्र उत्तरार्धात कोंबावी लागली, त्यामुळे नायिका लॉरीची नीट ओळखही होत नाही.

लहान वयाचे प्रसंग पंधरा पानांच्या पुढे जाऊ लागले की थांबा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. त्या वयातलं जे सांगायचंय ते मोठ्या वयातल्या एखाद्या कृतीत दाखवता येतं का ते आधी बघा. बहुतेक वेळा येतं.

प्रत्येक वस्तूची जन्मकुंडली

'द टेक्सस चेनसॉ मॅसकर: द बिगिनिंग'मध्ये (2006) खुनी कुटुंबातल्या लेदरफेसचा चेनसॉ कुठून आला, चेहऱ्याचा मुखवटा कसा आला, त्याच घरातला हॉइट शेरीफ कसा झाला (खऱ्या शेरीफला मारून, त्याची वर्दी चढवून), त्याचे पुढचे दात कुठे गेले, घरातल्या मॉन्टीचे पाय कसे गेले, सगळ्याची उत्तरं आहेत. सगळी एकाच उन्हाळ्यातली! वर्षानुवर्षं कुजत गेलेलं कुटुंब दोन-तीन दिवसांत तयार झालं असं वाटतं. 'हॅनिबल रायझिंग'मध्ये तर पोरगा सामुराई चिलखताचा मुखवटा तोंडाला लावून बघतो. पुढे त्याच्या तोंडावर जाळी चढणार आहे ना, म्हणून. असा प्रसंग ट्रेलरमध्ये शोभतो, कथेत त्याचं काही काम नसतं.

मूळ चित्रपटातल्या ओळखीच्या खुणांची यादी करा: मुखवटा, हत्यार, व्रण, टोपणनाव, लकबी. त्यातल्या दोनच ठेवा. बाकीच्यांवर काट मारा किंवा त्या आधीपासूनच आहेत असं धरून चाला. ज्या ठेवाल त्यांच्यावर बोट ठेवू नका. 'एक्स'मध्ये म्हाताऱ्या पर्लला सोनेरी केसांच्या बायका आवडत नाहीत. 'पर्ल'मध्ये ऑडिशनचे परीक्षक तिला नाकारताना वयाने लहान आणि सोनेरी केसांची मुलगी हवी असं सांगून मोकळे होतात. तिथे ना संगीत चढतं, ना कॅमेरा पुढे सरकतो. ज्याने 'एक्स' पाहिलाय त्याला आपोआप लागतं. न पाहिलेल्याचं काही अडत नाही.

शेवट ठाऊक आहे हे विसरणं

'द बिगिनिंग' 1969 मध्ये घडतो. ज्याचा तो प्रीक्वेल, तो 2003 चा चित्रपट 1973 मधला, आणि त्यात हे कुटुंब अजून मोकाट आहे. म्हणजे 1969 मध्ये त्यांच्या तावडीत सापडलेलं कुणीही सुटून पोलिसांपर्यंत पोहोचणार नाही, हे तिकीट काढतानाच कळतं. अशा वेळी 'वाचेल का?' या प्रश्नावर ताण उभा केला तर तो टिकत नाही. प्रश्नच बदलावा लागतो.

'सायको 4: द बिगिनिंग'ने (1990) ताण वर्तमानात आणला. 'सायको'चा खुनी नॉर्मन, आता प्रौढ, रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून आपला भूतकाळ सांगतोय आणि त्याची बायको गरोदर आहे. आईचं काय झालं ते ठाऊकच आहे, बायकोचं काय होणार ते ठाऊक नाही. 'ऑर्फन: फर्स्ट किल'ने (2022) मध्यावर पारडंच फिरवलं. हरवलेली मुलगी एस्थर असल्याचं सोंग घेऊन खुनी बाई ज्यांना फसवत असते त्या घरातली आई सगळं ओळखून असते, कारण खरी एस्थर घरातच मेलेली आहे. बळी आणि खुनी यांच्या जागा डळमळल्या की शेवट माहीत असूनही माणूस बसून राहतो.

'लेदरफेस' (2017) तिसऱ्या वाटेने गेला: मनोरुग्णालयातून पळालेल्या तरुणांपैकी पुढे लेदरफेस कोण होणार हेच लपवलं. युक्ती झकास, पण उत्तर अंगकाठीशी जुळत नाही. 1965 मधला सडपातळ, नीट बोलणारा पोरगा मूळ चित्रपटापर्यंतच्या आठ वर्षांत सहा फूट चार इंची मुका राक्षस कसा होईल? चेहऱ्यावर गोळी लागली एवढं कारण पुरत नाही. ओळख लपवायची तर उंची, आवाज आणि चाल पहिल्या पानापासून शेवटाशी जुळवून ठेवा, आणि त्याच अंगलटीची आणखी दोन पात्रं आसपास वावरू द्या.

तारखा, वयं आणि चेहरे

मूळ चित्रपटात उच्चारलेली प्रत्येक तारीख, वय आणि 'तेव्हा असं झालं होतं' छापाचं वाक्य एका तक्त्यात उतरवा, त्यासमोर मिनिटही लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर चाहते पहिल्याच आठवड्यात पकडतात. 2011 च्या 'द थिंग'वाल्यांनी 1982 च्या त्याच नावाच्या मूळ चित्रपटातल्या नॉर्वेजियन तळाच्या अवशेषांवरून उलटा प्रवास केला. रुतलेली कुऱ्हाडसुद्धा सोडली नाही. तिथे गोची वेगळीच झाली. सेटवर प्रत्यक्ष बनवलेल्या प्राण्यांवर नंतर संगणकी दृश्यं चढवली गेली आणि जुन्या चित्रपटाच्या आधीचा काळ जुन्यापेक्षा गुळगुळीत दिसू लागला.

वयाचं गणित अवघड असेल तर 'फर्स्ट किल'ची पद्धत वापरा. 2009 च्या मूळ 'ऑर्फन'मध्ये शाळकरी असलेली नटी इझाबेल फर्मन इथे विशीत होती आणि तिला आधीच्यापेक्षाही लहान दिसायचं होतं. क्लोजअप तिचे, पाठमोरे आणि पूर्णाकृती शॉट लहान मुलींचे. एका फ्रेममध्ये असली की ती वाकून उभी आणि मोठी माणसं उंच तळव्यांच्या बुटांत. पटकथेतच असे शॉट वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा, म्हणजे डबल (नटीच्या जागी उभी राहणारी मुलगी) किती दिवस लागेल ते वेळापत्रकात आधीच बसतं.

जोड नीट न बसवणं

शेवटचं दृश्य लिहून झालं की मूळ चित्रपटाची पहिली दहा मिनिटं त्याला लगेच जोडून बघा. 'अ‍ॅनाबेल: क्रिएशन' (2017) इथे पैकीच्या पैकी गुण घेतो. 1955 मध्ये अनाथ जॅनिस नाव बदलून हिगिन्स दांपत्याकडे दत्तक जाते, बारा वर्षांनी त्यांच्यावर हल्ला करते, आणि 2014 च्या मूळ 'अ‍ॅनाबेल'मध्ये शेजारच्या घरात घडलेला तो खून इथे त्या घराच्या बाजूने दिसतो. तुमचा जोड बसत नसेल तर शेवटी संवाद वाढवून तो बसणार नाही. मधलं एखादं वर्ष गाळा, किंवा मूळ चित्रपटातल्या एखाद्या किरकोळ पात्राच्या दारात कथा नेऊन सोडा.