परवान्याच्या बैठकीत संशोधकाने कुठे बसावं?

सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत कंपन्यांना तंत्रज्ञान वापरण्याचे परवाने देण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नवे संशोधक हमखास विचारतात, 'परवाना मागणाऱ्या कंपनीचे थोडे शेअर आहेत माझ्याकडे, चालेल ना?' चालेल की नाही ते नंतर बघू. आधी लेखी कळवा, तेही कंपनीशी पहिलं बोलणं होण्याआधी. तीच गोष्ट करार अर्ध्यावर आल्यावर कळली, की लपवल्यासारखीच दिसते.

फक्त स्वतःपुरतं लिहून भागत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या फौजदारी कायद्याच्या कलम 208 मध्ये जोडीदाराचं आणि अल्पवयीन मुलांचं आर्थिक हित कर्मचाऱ्याचंच धरतात. जिच्याशी पुढच्या नोकरीची बोलणी चालू आहेत, ती कंपनीही त्यात येते. हे नेमकं लोक विसरतात. 'अजून काही ठरलं नाही' म्हणतात.

रॉयल्टीतला, म्हणजे परवान्यापोटी कंपनी देते त्या पैशातला, वाटा हाही हितसंबंधच, फक्त कायद्याने दिलेला. अमेरिकेतल्या केंद्रीय प्रयोगशाळांत संशोधकांना दर वर्षी रॉयल्टीतले पहिले 2,000 डॉलर आणि त्यापुढे किमान 15 टक्के मिळतात. त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच संशोधकाने तंत्रज्ञान समजावून सांगावं, परवाना कुणाला द्यायचा ते ठरवू नये.

एकदा एका संशोधकांनी सगळं रीतसर जाहीर केलं होतं. बैठकीत ते मागच्या खुर्चीवर गप्प बसून होते. पण रॉयल्टीचा आकडा निघाला की अध्यक्ष आधी त्यांच्याकडे बघायचे. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, की आकडा अर्ध्या टक्क्याने खाली! इतिवृत्तात मी 'चर्चेत भाग घेतला नाही' असं लिहिलं. ते खोटं होतं. तेव्हापासून अशा माणसाला मी खोलीबाहेरच बसवते आणि तो किती वाजता गेला, किती वाजता परतला, तेही लिहिते. ईमेलच्या यादीतूनही त्याचं नाव काढा.

एकाच कंपनीला परवाना देणार असाल तर जाहीर सूचना काढा. अमेरिकेत सरकारी मालकीच्या शोधासाठी हरकतींना किमान 15 दिवस देतात. सूचनेतल्या अटी मात्र एकाच कंपनीच्या मापाने शिवू नका.

परवाना दिल्यावर कंपनीचे प्रगती अहवाल येतात. ते संशोधकाकडे मतासाठी पाठवायची सवय फार जुनी. उत्तर ठरलेलं: 'काम किचकट आहे, सहा महिने द्या.' अहवाल त्याच विषयातल्या, पण ज्याचा त्यात एक पैसाही अडकलेला नाही अशा माणसाला वाचायला द्या.