पाडव्याच्या आधी कुंड्या हलवा

पुण्यातल्या बाल्कनीवाल्यांसाठी फाल्गुनातलं पहिलं काम खताचं नाही, उन्हाचं आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य आकाशात साधारण ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं. २१ मार्चच्या सुमारास तो ७१ अंशांवर चढतो आणि वरच्या स्लॅबची सावली कुंड्यांवर पडू लागते. मेच्या मध्यावर तर तो थेट डोक्यावर. म्हणून थंडीभर फुललेला गुलाब मार्चअखेर हिरमुसतो, आणि आपण त्याला शेणखत घालत बसतो. त्याला कठड्याला चिकटून ठेवा किंवा गच्चीवर न्या. उत्तरेच्या गॅलरीत उलटं होतं. हिवाळाभर तिथे उन्हाचा कवडसा नसतो. मार्चनंतर सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन यायला लागतं. तिथे सावलीतली नाजूक झाडं असतील तर आत्ताच मागे घ्या. पश्चिमेची भिंत सगळ्यांत वाईट, ती रात्रीपर्यंत तापलेली राहते. कुंडी आणि भिंत यांत वीतभर जागा सोडा.

पाण्याचं प्रमाण वाढवण्याआधी माती झाका. सध्या पिंपळ, कडुनिंबाची पानगळ चालू आहे, सोसायटीच्या झाडलोटीत पोत्याने पाला मिळतो. कुंडीत तीन बोटं जाडीचा थर द्या, बुंध्याला मात्र टेकवू नका. रसवंतीवरची उसाची चिपाडंही चालतात, पण आधी कडक वाळवून तुकडे करा. ओली टाकलीत तर मुंग्यांना आमंत्रण. आच्छादनाखाली बोट घालून ओल बघा, मगच पाणी घाला. रोज सवयीने घातलेल्या पाण्याने मुळं सडलेली झाडं याच दिवसांत जास्त दिसतात, कारण पानं कोमेजली की सगळ्यांना तहानच आठवते.

जानेवारीत पाणी तोडून छाटलेला मोगरा आता कळ्या धरेल. त्याला भरपूर ऊन आणि मूठभर जुनं शेणखत पुरे. एक बहर संपला की वाळलेल्या फुलांखालचे शेंडे खुडायचे, पुढचा बहर नव्या फुटीवरच येतो.

काकडी, दोडका, दुधीचे वेल लावले असतील तर सुरुवातीला नुसती नरफुलं येतील. उन्हात आणि मोठ्या दिवसात ती जास्तच येतात, काळजी नको. मादीफुलामागे इवलंसं फळ असतं. उंच मजल्यावर मधमाशी फिरकत नसेल तर नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. काकडी, कारल्याचं हे काम सकाळी. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्यांचं दिवेलागणीला. सकाळी उठून दुधीपाशी उभं राहण्यात अर्थ नाही.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काही दिसलं की तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने घासून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पसरला असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि द्रव साबणाचे थोडे थेंब घोटून ऊन कलल्यावर फवारा. भर उन्हात तेलाने पानं करपतात. आठवड्याने पुन्हा. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती मोडा, गोड चिकट्याच्या लोभाने त्याच या किडीला राखतात.

मोठी कुंडीबदल आता नको, ती जूनमध्ये.