वास्तुकला आणि अर्बन डिझाइनचा एकत्रित स्टुडिओ कसा घ्यावा

वास्तुकला विभागात रुजू झालेल्या अध्यापकाकडे लवकरच असा एखादा स्टुडिओ, म्हणजे सत्रभर चालणारा डिझाइनचा प्रात्यक्षिक वर्ग, येतो, ज्यात विद्यार्थ्यांनी आधी एखाद्या वस्तीचा किंवा रस्त्याचा आराखडा करायचा असतो आणि मग त्याच आराखड्यातली एक इमारत शेवटपर्यंत तपशिलात न्यायची असते. कागदावर हे क्रमवार आणि सोपे वाटते. प्रत्यक्षात सत्राचा पहिला अर्धा भाग सर्वेक्षणात आणि रंगीत नकाशांत संपतो, उरलेल्या अर्ध्यात घाईघाईने इमारत उभी राहते आणि शेवटच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर शेजारी लावलेल्या दिसतात, यापलीकडे त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. माझ्या मते या स्टुडिओत शिकवण्याची मुख्य गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शहराच्या प्रमाणात घेतलेला निर्णय खिडकीच्या प्रमाणात तपासणे आणि खिडकीशी लक्षात आलेली अडचण पुन्हा शहराच्या नकाशावर नेऊन सोडवणे. सत्राची आखणी करताना प्रत्येक टप्प्याला हाच निकष लावावा.

ही गरज जुनी आहे. १९५६ मध्ये वास्तुविशारद जोझेप लुईस सर्ट यांनी हार्वर्डमध्ये अर्बन डिझाइनवर, म्हणजे शहरातल्या वस्त्या-रस्त्यांच्या रचनेवर, परिषद बोलावली, ती वास्तुविशारद, नियोजनकार आणि लँडस्केपचे अभ्यासक यांच्यात समान भूमी शोधण्यासाठी; आणि १९६० मध्ये तिथे या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. विषय वेगळा झाला खरा, पण त्याबरोबर अनेक विद्यापीठांत अध्यापकही वेगवेगळ्या खोल्यांत विभागले गेले. म्हणूनच एकत्रित स्टुडिओची पहिली तयारी वेळापत्रकापासून करावी: इमारतीच्या बाजूचा एक आणि शहराच्या बाजूचा एक असे दोन अध्यापक पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या ज्युरीपर्यंत एकाच टेबलाशी बसतील, अशी सोय विभागप्रमुखांकडून आधीच मंजूर करून घ्यावी. अर्धे सत्र एकाने आणि अर्धे दुसऱ्याने घेतले, तर विद्यार्थ्यांच्या कामातही नेमकी तिथेच फट पडते.

साइट निवडणे आणि ब्रीफ लिहिणे

साइट पायी फिरून संपेल एवढीच घ्यावी. माणूस साधारण पाच मिनिटांत ४०० मीटर चालतो, हे अंतर हाताशी धरून साइटची लांबी त्याच्या आसपास ठेवली, की विद्यार्थी एका सकाळी ती दोन-तीनदा पालथी घालू शकतो आणि पुढच्या आठवड्यात प्रश्न पडला तर पुन्हा जाऊन येऊ शकतो. मोठ्या साइटचा मोह अध्यापकालाच जास्त असतो. तिच्यावर विद्यार्थी रंगांचे पट्टे ओढतो आणि त्या पट्ट्यांत कोण राहते हे त्याला कधीच सांगता येत नाही. साइटवर निदान एक खरा तंटा असावा: वाहतुकीच्या रस्त्यावर उघडणारी घरे, पाण्याच्या काठावर पाठ करून उभी असलेली गोदामे, शाळा आणि बाजार यांनी एकाच वेळी वापरायची मोकळी जागा. असा तंटा नसलेल्या रिकाम्या चौरसावर सुबक चित्रे निघतात, पण त्यातून निर्णय शिकता येत नाही.

ब्रीफमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना द्यायच्या कामाच्या लेखी वर्णनात, एक अट मी आग्रहाने घालावी असे सुचवेन. गटाने मिळून एक समाईक आराखडा करावा, त्यातले प्लॉट पाडावेत आणि मग एकेका विद्यार्थ्याने एकेक प्लॉट घ्यावा. मात्र शेजारच्या प्लॉटशी असलेली हद्द, जोत्याची पातळी, कार्निसची (भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या कडेची) उंची आणि पाणी कुठून कुठे वाहून जाणार, एवढ्या चार गोष्टी शेजाऱ्याच्या सहीशिवाय बदलू नयेत. या अटीमुळे स्टुडिओत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. आपल्या इमारतीची सावली दुसऱ्याच्या आतल्या चौकात पडते, हे एखाद्या व्याख्यानातून जेवढे पोचत नाही तेवढे शेजारच्या टेबलावरचा सहाध्यायी मॉडेलवर दिवा धरून दाखवतो तेव्हा पोचते. समाईक मॉडेल १:५०० चे, म्हणजे प्रत्यक्षाच्या पाचशेव्या भागाएवढे असावे, स्टुडिओच्या मधोमध ठेवावे आणि प्रत्येकाने दर आठवड्याला आपला तुकडा त्यात नव्याने बसवावा.

सर्वेक्षण

सर्वेक्षणाला सत्रात जेवढा वेळ सहसा मिळतो, त्याच्या निम्मा पुरे. प्रत्येक निरीक्षणातून एक निर्णय निघाला पाहिजे, एवढे पथ्य पाळले की आपोआप छाटणी होते. साइट वाचण्याच्या तीन पद्धती वेगवेगळ्या दिवशी द्याव्यात. पहिली नकाशाकार नोली यांच्या १७४८ च्या रोमच्या नकाशावरून घ्यावी, ज्यात चर्चचे अंतर्भाग आणि इतर सार्वजनिक वास्तूंच्या आतली जागा रस्त्यांसारखीच पांढरी सोडली आहे. विद्यार्थ्याने आपल्या साइटवर कोणाही माणसाला विनापरवानगी जाता येते ती सगळी जागा पांढरी आणि उरलेली काळी करावी. दुसरी शहराचे अभ्यासक केविन लिंच यांच्या १९६० मधल्या मांडणीवरून: मार्ग, कडा, विभाग, केंद्रे आणि खुणेच्या जागा. इथे सावध राहावे, कारण विद्यार्थी स्वतःच टेबलाशी बसून ही पाच चिन्हे नकाशावर टाकून मोकळे होतात. लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांशी बोलून, त्यांच्याकडून शहराची रेखाटने काढून घेऊन हे वर्गीकरण केले होते. तेव्हा रहिवाशांशी बोलल्याशिवाय काढलेला असा नकाशा स्वीकारू नये. तिसरी पद्धत नुसत्या मोजणीची: एका जागी ठरावीक वेळ उभे राहून किती माणसे चालत गेली, किती थांबली आणि थांबलेली कशाला टेकली हे लिहून घेणे.

पूर्वीची उदाहरणे फोटोंतून दाखवण्यापेक्षा साइटच्याच प्रमाणात पुन्हा काढायला लावावीत. इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या बार्सिलोना विस्तारातला ब्लॉक सुमारे ११३ मीटर बाजूचा, कोपरे छाटलेला आणि बहुतेक रस्ते २० मीटर रुंदीचे आहेत. हा ब्लॉक ट्रेसिंग पेपरवर काढून आपल्या साइटवर ठेवला, की दोन सरळ गोष्टी दिसतात: आपली साइट किती लहान किंवा मोठी आहे आणि छाटलेल्या कोपऱ्यामुळे चौकात किती जागा मोकळी होते. त्यावर वेगळे भाषण करण्याची गरज राहत नाही.

टेबलावरचा क्रिट

या स्टुडिओतले बहुतेक शिकवणे टेबलाशी, एका विद्यार्थ्याच्या कामावर वीसेक मिनिटे बोलण्यात, म्हणजे क्रिटमध्ये, घडते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कामाच्या ओघात विचार करणाऱ्या व्यावसायिकांविषयी लिहिताना वास्तुकलेच्या स्टुडिओतला असाच एक संवाद बारकाईने तपासला होता; काढणे आणि बोलणे तिथे एकाच वेळी चालते, हे त्यांनी दाखवून दिले. हे एकाच वेळी चालणे शिक्षकाने जपायचे असते. नुसते बोलणारा शिक्षक विद्यार्थ्याला संभ्रमात टाकतो आणि नुसता काढणारा शिक्षक त्याचे काम हिरावून घेतो.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थिनीने चार मजली घरांचा एक ब्लॉक केला आहे. रस्त्यापासून चौकापर्यंत घरांची खोली १२ मीटर, मध्ये आतला चौक, तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला शयनकक्ष. १:५०० च्या आराखड्यात सगळे व्यवस्थित दिसते. अशा वेळी आराखड्यावर मत देऊ नये. तिला रस्त्याच्या मध्यापासून आतल्या चौकापर्यंतचा सेक्शन (उभा छेद) १:५० मध्ये, त्याच टेबलावर, आत्ता काढायला सांगावे आणि पदपथावर एक चालणारा माणूस उभा करायला सांगावे. माणसाची नजर साधारण १.६ मीटरवर आणि खिडकीची सिल (खालची कड) फरशीपासून ०.९ मीटरवर. जोते पदपथाच्या पातळीवरच धरलेले असेल, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण थेट अंथरुणात पाहतो. विद्यार्थिनी जोते ०.७५ मीटर उचलते, सिल १.६५ वर जाते आणि नजर अडते. आता विचारावे: व्हीलचेअरवरचा माणूस कुठून आत येणार? १:१२ च्या उताराने ०.७५ मीटर चढायला निव्वळ ९ मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि तो पदपथावर टाकला तर पदपथच उरत नाही. तिने थोडा वेळ गप्प बसून विचार करावा, आणि शिक्षकानेही तेवढाच वेळ गप्प राहावे, कारण याच क्षणी घाईने दिलेले उत्तर तिच्या कामाचा नाश करते.

बहुधा विद्यार्थी इथून दोन वाटांनी जातात. कोणी तळमजल्यावरचे शयनकक्ष काढून तिथे दुकाने किंवा कामाच्या खोल्या आणतो, म्हणजे रस्त्याचे स्वरूपच बदलतो. कोणाला सुचते की सगळा आतला चौकच ०.७५ मीटरने उचलावा आणि इमारतीखालून जाणारा १२ मीटरचा बोळ १:१६ च्या उताराने वर न्यावा, म्हणजे सगळी घरे चौकाकडून पायरीविना उघडतील. मग पुढचा प्रश्न आपसूक येतो: चौकातले पावसाचे पाणी त्याच बोळातून खाली पदपथावर येणार, त्याची नाली कुठून? शिवाय १:२० हून तीव्र उतार अनेक नियमावल्यांत रॅम्पच धरला जातो, तेव्हा दोन्ही बाजूंना हाताचा आधार आणि बोळाची रुंदी पुन्हा तपासावी लागते. एका खिडकीच्या सिलपासून निघालेली चर्चा अशी ब्लॉकच्या पातळ्यांपर्यंत आणि तिथून शेजाऱ्याच्या सहीपर्यंत पोचते. शिक्षकाने यात तीन प्रश्न विचारले आणि एक सेक्शन मागितला, एवढेच.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. विद्यार्थ्याच्या मूळ कागदावर पेन चालवू नये. ट्रेसिंग पेपर वर ठेवूनच काढावे आणि एक पर्याय काढला तर लगेच दुसराही काढावा, म्हणजे शिक्षकाने दाखवले तेच उत्तर असा समज होत नाही. बोलणे संपताना पुढच्या वेळी नेमके कोणते ड्रॉइंग, कोणत्या प्रमाणात आणायचे हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. दोन अध्यापकांचे मत वेगळे पडले तर ते विद्यार्थ्यासमोर मोकळेपणाने मांडावे. वाईट असते ते एकाने मंगळवारी एक सांगणे आणि दुसऱ्याने शुक्रवारी त्याचे नावही न घेता उलट सांगणे.

स्क्रीनविषयी एवढेच, की स्क्रीनवर झूम करता येते म्हणून तिथे प्रमाणच नसते. १:५०० चा विचार चालू असताना विद्यार्थी दाराच्या बिजागरीत हरवतो, नाहीतर १:५० ला आल्यावरही भिंत एका रेषेची ठेवतो. दर आठवड्याला एक ड्रॉइंग ठरावीक प्रमाणात छापून भिंतीवर लावायची सक्ती करावी. प्रतिमा तयार करून देणाऱ्या नव्या साधनांनाही हाच नियम पुरतो: चित्र कशाने का केलेले असेना, त्याच दृश्याचा मोजमाप असलेला सेक्शन शेजारी हवा.

ज्युरी आणि गुण

पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत विद्यार्थ्यांची ड्रॉइंग हातगाडीवर गोळा होत आणि परीक्षक बंद दाराआड निकाल लावत. त्या गाडीचे नाव शार्रेत अजूनही शेवटच्या रात्रीच्या धावपळीला चिकटलेले आहे. आज विद्यार्थी ज्युरीसमोर उभा असतो, हा मोठा फायदा आहे, मात्र तो रात्रभर जागून आलेला असेल तर त्याला काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी सबमिशन आणि ज्युरी यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी कोणतेही नवे ड्रॉइंग स्वीकारू नये. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ब्रीफ आठवडाभर आधी पाठवावे, अन्यथा ते न दिलेल्या प्रश्नाचे उत्तर मागत बसतात. सादर करणाऱ्याच्या वतीने एका सहाध्यायाने नोंदी घ्याव्यात, कारण उभ्या विद्यार्थ्याला नंतर बहुधा एखादे कठोर वाक्यच आठवते. सुरुवात परीक्षकांच्या मताने न करता ड्रॉइंगमध्ये काय दिसते ते त्यांनी आधी सांगावे, असा क्रम ठेवला तर विद्यार्थ्याला आपले काम न बोलता किती पोचते ते कळते.

गुण ज्युरीच्याच खोलीत देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही अध्यापकांनी स्वतंत्रपणे द्यावेत आणि फरक मोठा असेल तिथेच बसून बोलावे. निकष ब्रीफसोबत पहिल्या दिवशी लिखित दिलेले असावेत, त्यात आराखडा आणि इमारत यांना वेगवेगळे रकाने न देता दोहोंच्या सांध्याला ठळक वाटा असावा आणि आठवड्यागणिक भिंतीवर लागलेल्या ड्रॉइंगचाही हिशेब धरलेला असावा. समाईक आराखड्याचे गुण सगळ्या गटाला सारखे द्यावेत की नाही, यावर विभागात मतभेद होतात. मी सारखे द्यावेत या मताचा आहे, मात्र शेजाऱ्याशी केलेल्या करारांची वही प्रत्येकाकडून वेगळी मागून घ्यावी आणि वैयक्तिक वाटा तिच्यावरून ठरवावा.

निकाल लागल्यावर आठवडाभरात दोन्ही अध्यापकांनी त्याच ब्रीफची प्रत समोर घेऊन बसावे, विद्यार्थी जिथे जिथे अडकले त्या वाक्यांवर खुणा कराव्यात, एक चांगले, एक मध्यम आणि एक फसलेले काम विद्यार्थ्यांच्या परवानगीने, नावे काढून फाइलमध्ये ठेवावे आणि ती फाइल पुढच्या सत्रात हा स्टुडिओ घेणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती साइट ठरण्याआधी द्यावी.