सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडताना आकडे, तारखा आणि मराठी अक्षरे कशी सांभाळावीत

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केले की ती लगेच उघडते आणि घोळही तिथेच होतो. ००४२७ चा ४२७ होतो, सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. सीएसव्हीत स्वल्पविरामासारख्या चिन्हांनी रकाने वेगळे केलेला नुसता मजकूर असतो. कोणता रकाना आकड्यांचा, कोणता तारखांचा, हे एक्सेल अंदाजाने ठरवते.

असे दिसले तर फाइल सेव्ह न करता बंद करा. मूळ फाइल अजून शाबूत आहे. एकदा सेव्ह केली की गेलेली शून्ये सेल 'टेक्स्ट' करूनही परत येत नाहीत, आणि एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपते.

आता फाइल अशी आणा:

१. कोऱ्या वर्कबुकमध्ये 'डेटा' टॅबवर जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि फाइल दाखवा.

२. प्रिव्ह्यूमध्ये मराठी फुटलेले असेल तर 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ : युनिकोड यूटीएफ-८' घ्या. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटचे असते. चुकीच्या एन्कोडिंगने वाचले की त्याची तीन वेगळी चिन्हे होतात. सगळा मजकूर एकाच रकान्यात आला असेल तर 'डेलिमिटर' (रकाने वेगळे करणारे चिन्ह) बदलून पाहा, बहुधा अर्धविराम किंवा टॅब असतो.

३. 'लोड' नको, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. कोड, फोन, खाते क्रमांक अशा रकान्यांच्या शीर्षकाजवळच्या चिन्हावर क्लिक करून 'टेक्स्ट' निवडा. पुढच्या प्रश्नाला 'रिप्लेस करंट' हेच उत्तर द्या. 'ॲड न्यू स्टेप' म्हटले तर आधी आकडा होतो, मग टेक्स्ट. शून्ये गेली ती गेलीच.

४. तारखांसाठी त्याच चिन्हातून 'युजिंग लोकेल' घ्या, प्रकार 'डेट' ठेवा आणि फाइलमधल्या दिवस-महिन्याच्या क्रमाशी जुळणारे लोकेल (भाषा आणि देश) निवडा. मग 'क्लोज अँड लोड'.

तारखांची चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती दिसत नाही. संगणकाची सेटिंग महिना आधी धरणारी असेल, तर डबल क्लिकने उघडताना ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिलची तारीख गुपचूप ४ मार्च होते. २५/०४/२०२४ मात्र उलटता येत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नका. फाइल नव्याने आणा. उलट, नावांच्याही तारखा होतात. हा त्रास इतका वाढला, की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने 'मार्च१'सारखी नावेच बदलली.

लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये हे सोपे आहे: फाइल उघडतानाच खिडकी येते, तिथे रकाना निवडून 'टेक्स्ट' किंवा 'डेट डीएमवाय' ठरवा. गूगल शीट्समध्ये 'फाइल', मग 'इम्पोर्ट' करा आणि मजकुराचे आकडे-तारखांत रूपांतर करणाऱ्या पर्यायाची खूण काढा.